लग्न न करता, दोन पासपोर्टांवर एक बिऱ्हाड: उतारवयात पोर्तुगालला राहायला जाताना

मी बेळगावची, शहापूरची. वय सत्तर, पासपोर्ट भारताचा. माझे जोडीदार मूळचे मडगावकडचे. जन्म १९६१ च्या आधीचा, गोवा पोर्तुगालकडे असतानाचा, म्हणून त्यांनी लिस्बनला जन्माची नोंद करून घेतली आणि ते पोर्तुगीज नागरिक झाले. नोकरीसाठी बेळगावात आले आणि इथलेच होऊन गेले. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांच्या पत्नीही गेल्या. उतारवयात आम्ही एका घरात राहायला लागलो. लग्न केलं नाही. माझी फॅमिली पेन्शन पुनर्विवाह केला की थांबते, आणि दोघांच्याही मुलांच्या मनात वाटणीची शंका नको होती. एवढी कारणं आम्हाला पुरेशी होती.

मग त्यांच्या मुलीजवळ पोर्तुगालला जाऊन राहायचं ठरलं. त्यांचा प्रश्नच नव्हता, त्यांचा तो देश. प्रश्न माझा होता. बायको नाही, नातेवाईक नाही, तर मी कोण म्हणून जायचं? याचं सरळ उत्तर कुणीच देईना. निपाणी, खानापूर, हल्याळ, कारवार या पट्ट्यात गोव्याशी नाती जुळलेली माणसं पुष्कळ आहेत, आणि उतारवयात पुन्हा एकत्र राहणारी जोडपीही आता दिसतात. त्यांचे हेलपाटे वाचावेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. जिथे जायचं तो देश जोडीदाराला मानतो का, हे आधी बघा

लग्नाशिवायच्या जोडीदाराकडे प्रत्येक देश वेगळ्या नजरेने बघतो. हवा, खर्च, दवाखाने हे सगळं नंतर. आधी हे बघा.

काही देशांच्या लेखी तुम्ही दोन सुटी माणसं असता. थायलंडचं उदाहरण घ्या. पन्नाशीनंतर तिथे निवृत्तांचा व्हिसा मिळतो, त्यासाठी बँकेत ८ लाख बाट किंवा महिना ६५ हजार बाट उत्पन्न दाखवावं लागतं. पण लग्नाशिवायच्या जोडीदाराला तुमच्या व्हिसावर येता येत नाही. दोघांनी वेगवेगळी रक्कम दाखवायची आणि वेगवेगळा व्हिसा काढायचा. दोघांकडेही पैसा असेल तर हा मार्ग सोपाच आहे, एकत्र राहण्याचा पुरावा कुणी मागत नाही. पण एकाचीच पेन्शन असेल तर अडतं.

कॅनडासारखे देश सलग १२ महिने एकत्र राहिलेल्या जोडीदाराला जवळपास नवरा-बायकोसारखंच धरतात. पण कॅनडाला निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा नाही. जोडीदार तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी असेल तरच त्याचा उपयोग.

पोर्तुगालचा कायदा या बाबतीत सगळ्यांत स्वच्छ वाटला. ११ मे २००१ चा ७/२००१ हा कायदा आहे. दोन प्रौढ माणसं नवरा-बायकोसारखी दोन वर्षांहून जास्त काळ एकत्र राहिली की त्यांच्या नात्याला 'उनियांव द फाक्तु' म्हणतात, म्हणजे प्रत्यक्षातलं सहजीवन. त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही, नातं दोन वर्षांच्या राहण्यातूनच सिद्ध होतं. दोघं पुरुष आहेत, दोघी स्त्रिया आहेत की एक स्त्री एक पुरुष, याने फरक पडत नाही. ज्यांना भारतात लग्न करताच येत नाही अशा जोडप्यांनी हे वाक्य नीट लक्षात ठेवावं.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. लग्न करायला तुम्हाला काहीच अडचण नसेल तर करा. विशेष विवाह कायद्याखाली सब-रजिस्ट्रार कचेरीत नोटीस दिली की ३० दिवसांनी लग्न लागतं आणि एका दाखल्यावर पुढची निम्मी वाट सरते. हा लेख ज्यांना ते नको आहे किंवा जमणार नाही त्यांच्यासाठी आहे.

२. एका घरात राहण्याचा पुरावा आजपासून साठवायला लागा

ही पायरी सगळ्यांत मोठी आहे, आणि नेमकी हीच सगळे शेवटी धरतात.

आपल्याकडे लग्नाशिवाय एकत्र राहणं गुन्हा नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात 'विवाहासारखं नातं' असा शब्दच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० आणि २०१३ च्या निकालांत अशा नात्याच्या खुणा सांगितल्या आहेत. पण कर्नाटकात तुम्हाला 'हे दोघं एकत्र राहतात' असा दाखला देणारं कार्यालय नाही. ना महापालिका, ना नाडकचेरी, ना तहसीलदार. म्हणून पुरावा आपणच उभा करायचा. पोर्तुगीज कायद्याच्या २-अ कलमात एखादा ठरावीक कागद सक्तीचा नसेल तिथे कायद्याला चालेल असा कुठलाही पुरावा दाखवायची मुभा आहे, ही आपल्या फायद्याची गोष्ट.

तुमचं प्रेम किती जुनं आहे याच्याशी समोरच्या अधिकाऱ्याला देणंघेणं नाही. तो बघतो एकच: दोन नावं, एक पत्ता, आणि तारखा सलग आहेत का.

आम्ही काय काय गोळा केलं ते सांगते.

भाडेकरार. आपल्याकडे ११ महिन्यांचा बाँड करायची पद्धत आहे. आमचेही तसेच होते, आणि त्यावर फक्त माझं नाव. घरमालकांना जाऊन सांगितलं, दोघांचं नाव घालायचं आहे. ते जुने ओळखीचे, वयाने माझ्याहून थोरले. बराच वेळ कागद हातात धरून बसले. मग म्हणाले, "बाई, नातं काय लिहू?" मी म्हटलं, नातं लिहू नका, 'दोघे संयुक्त भाडेकरू' एवढंच लिहा. त्यांनी लिहिलं, सही केली आणि चहा घेऊनच पाठवलं. ही दोन ओळींची भर पुढे सगळ्यांत जास्त कामाला आली. तुम्ही शक्य असेल तर एक वर्षाहून जास्त मुदतीचा करार करून सब-रजिस्ट्रारकडे नोंदवून घ्या, नोंदणीकृत कागदाचं वजन वेगळं असतं. ११ महिन्यांचेच बाँड असतील तर एक संपतो आणि दुसरा सुरू होतो यात एका दिवसाचीही फट ठेवू नका.

घर स्वतःचं असेल तर उताऱ्यावर एकाचंच नाव असणार. तेव्हा मालकाने दुसऱ्याच्या राहण्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र द्यावं आणि दुसऱ्याचा पत्ता इतर कागदांतून दाखवावा.

आधार. परदेशी नागरिक किंवा ओसीआय कार्डधारक (म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेला मूळचा भारतीय) मागच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिला असेल तर त्याला आधार काढता येतं. आमच्या दोन आधार कार्डांवर एकच पत्ता आहे, घर क्रमांकापासून पिनकोडपर्यंत. पत्ता अक्षरशः एकसारखा हवा. एकावर 'शहापूर' आणि दुसऱ्यावर फक्त गल्लीचं नाव असं असेल तर भाषांतर करणारा ते दोन पत्ते समजतो.

संयुक्त बँक खातं. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीचं. पासबुकात दर महिन्याला वीजबिल, गॅस, किराणा यांच्या नोंदी दिसल्या पाहिजेत. पैसे ठेवून दिलेलं निपचित खातं काही सिद्ध करत नाही.

बाकी विम्याचं नॉमिनेशन, दवाखान्याच्या फॉर्मवर 'संपर्काची व्यक्ती' म्हणून एकमेकांची नावं, एकत्र प्रवासाची तिकिटं, घरी आलेली टपालं. हे सगळं पूरक आहे, पण तारखेवार लावून ठेवा. आम्ही दर तीन महिन्यांना निदान एक कागद असा हिशेब ठेवला होता.

आणि हा फास नीट बघा. आपल्याकडच्या कितीतरी गोवेकरांच्या पोर्तुगीज ओळखपत्रावर लिस्बनमधल्या भावाचा किंवा भाच्याचा पत्ता असतो, कार्ड काढताना सोय म्हणून दिलेला. यांच्याही कार्डावर तसाच होता. म्हणजे त्यांच्या सरकारच्या दृष्टीने ते लिस्बनला राहत होते आणि मी बेळगावला. मग एकत्र कुठले? पोर्तुगीज नागरिकाने कॉन्सुलेटमध्ये नाव नोंदवून आपला खरा पत्ता लावून घ्यायला हवा. पणजीला पोर्तुगालचं कॉन्सुलेट आहे, पण तुमचा जिल्हा कुणाच्या हद्दीत येतो ते विचारून मगच चोर्ला घाट उतरा. पत्ता बदलला त्या दिवसापासून तुमची दोन वर्षं निर्विवाद मोजता येतात.

३. जन्मदाखला: एकाच गावाची तीन नावं

पोर्तुगालला पोहोचल्यावर करायच्या सहजीवनाच्या घोषणेसाठी (सातवी पायरी बघा) दोघांच्याही जन्मनोंदीची संपूर्ण नक्कल लागते. इथे सीमाभागातल्या माणसाची जी कसोटी लागते ती पुण्या-मुंबईच्या माणसाला कळायची नाही.

माझा जन्म १९५५ चा. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात गेला. १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव 'बेळगावी' झालं. माझ्या जुन्या नोंदीत मराठीत 'बेळगाव', पासपोर्टवर इंग्रजीत 'बेलगाम, कर्नाटक', नव्या दाखल्यावर कन्नड आणि इंग्रजीत 'बेळगावी'. आपल्याला हे एकच गाव. युरोपातल्या खिडकीमागच्या माणसाला ती तीन वेगवेगळी जन्मस्थळं दिसतात.

यावर उपाय एक साधं प्रतिज्ञापत्र. ही तिन्ही नावं एकाच ठिकाणाची आहेत, १९५६ च्या पुनर्रचनेने राज्य बदललं आणि २०१४ च्या अधिसूचनेने शहराचं नाव बदललं, एवढंच चार ओळींत. सोबत अधिसूचनेची प्रत. आमच्या वकिलांनी दोन पानांचा इतिहास लिहून दिला होता, तो मी बाजूला ठेवला. लांब कागद दिसला की वाचणारा शंका काढतो.

दुसरी गोष्ट बायकांसाठी. जुन्या रजिस्टरात मुलीचं नावच नसतं. माझी नोंद बघायला गेले तेव्हा कारकुनाने पिवळं पडलेलं रजिस्टर उघडलं आणि ओळीवर बोट ठेवलं. वडिलांचं नाव, आईचं नाव, तारीख, आणि पुढे नुसतं 'स्त्री'. सत्तर वर्षं मी ज्या नावाने जगले ते त्या पानावर नव्हतंच. थोडा वेळ मला काही बोलता आलं नाही. शाळा सोडल्याचा दाखला जोडून नाव चढवायचा अर्ज करावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून ही तपासणी पहिल्याच महिन्यात करा.

नोंदच सापडली नाही तर 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला घ्या आणि १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या १३ व्या कलमाखाली उशिराच्या नोंदीसाठी अर्ज करा. वर्षाहून जुन्या नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हे काम जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आहे.

जन्मनोंदीवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल, तर दोन्हींना जोडणारा कागद हवा, म्हणजे पहिल्या लग्नाचा दाखला. आमच्या पिढीत लग्न लागलं ते मांडवात, नोंदणी कुणी केली? तो दाखला नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, आणि ज्यात दोन्ही नावं आहेत असा एखादा जुना सरकारी कागद जोडा. मला माझ्या यजमानांच्या पेन्शन ऑर्डरने तारलं.

४. आधीचं लग्न संपल्याचं दोन्हीकडच्या दप्तरात दिसलं पाहिजे

कोणाचंही आधीचं लग्न कायद्याने अजून उभं असेल तर सहजीवनाला मान्यता मिळत नाही. कोर्टाने विभक्त राहण्याचा हुकूम दिलेला असेल तर गोष्ट वेगळी. नुसतं 'वीस वर्षं वेगळे राहतो' चालत नाही. विधवा-विधुरांनी मृत्यूचा दाखला आणि घटस्फोटितांनी कोर्टाचा हुकूमनामा काढून ठेवायचा.

इथे गोवेकरांसाठी एक खास फास आहे. पोर्तुगीज माणसाच्या जन्मनोंदीच्या समासात त्याचं लग्न, घटस्फोट, जोडीदाराचा मृत्यू हे सगळं नोंदलेलं असतं. यांनी नागरिकत्व घेताना गोव्यातलं लग्न तिथे नोंदवलं होतं. पत्नी गेल्यावर मात्र तिचा मृत्यू तिथे कळवायचं कुणाच्या मनातही आलं नाही, दुःखात कोण लिस्बनच्या दप्तराचा विचार करतो? परिणाम असा की तिथल्या कागदावर ते अजून विवाहित होते. आम्हाला हे कळलं ते ताजी नक्कल हातात आल्यावर. गोव्यातला मृत्यूचा दाखला अपोस्टिल करून (म्हणजे परदेशात चालेल असं सरकारी साक्षांकन घेऊन), भाषांतर करून तिथे नोंद होईपर्यंत आमचे कित्येक महिने गेले. तुम्ही आजच जोडीदाराच्या पोर्तुगीज जन्मनोंदीची ताजी नक्कल मागवा आणि समासातली शेवटची ओळ वाचा.

५. अपोस्टिल आणि भाषांतर

भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे, पोर्तुगालही आहे. म्हणून दूतावासाचे जास्तीचे शिक्के लागत नाहीत, अपोस्टिल पुरतं. क्रम असा: आधी नोटरी किंवा मूळ कार्यालयाची सही, मग राज्य पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. मंत्रालयाची फी कागदामागे ५० रुपये आहे, ती नेमलेल्या एजन्सीमार्फत भरायची, एजन्सीची सेवा फी वेगळी. बंगळूरला हे काम होतं.

गावातल्या एका एजंटाने आमच्याकडून याच्या कितीतरी पट पैसे घेतले आणि वर सल्ला दिला, "फॉर्मवर स्पाऊस लिहा, कोण बघतंय?" तो सल्ला कधीही ऐकू नका. एका खोट्या शब्दापायी व्हिसा नाकारला जातो, पुढचे अर्जही संशयात येतात, आणि माझ्यासारखीने दर नोव्हेंबरात पुनर्विवाह न केल्याचं लिहून दिलेलं असतं. दोन सरकारांपुढे दोन वेगळ्या गोष्टी सही करून सांगणं म्हणजे स्वतःच्या हाताने खड्डा खणणं. जे आहे तेच लिहा: अविवाहित जोडीदार, अमुक तारखेपासून एकत्र.

कन्नडमधल्या कागदाचं आधी इंग्रजी करून मग पोर्तुगीज करू नका, जमेल तेवढं थेट किंवा एकाच माणसाकडून करून घ्या. दोनदा भाषांतर झालं की नावांची अक्षरं दोनदा बदलतात. भाषांतर प्रमाणित कोण करतो, कॉन्सुलेट की तिथला नोटरी-वकील, हे आधी विचारा.

६. व्हिसा कुठल्या दाराने

तुमचा जोडीदार पोर्तुगीज असेल तर तुमचं दार म्हणजे ३७/२००६ हा कायदा. युरोपीय नागरिकांच्या कुटुंबीयांसाठी तो आहे, आणि पोर्तुगीज नागरिकांच्या कुटुंबीयांनाही तो लागू होतो. त्यात 'कुटुंबीय' या शब्दात सहजीवनातला जोडीदार स्पष्टपणे धरला आहे. प्रवेशाचा व्हिसा कुटुंबीय म्हणूनच मागा. साध्या पर्यटक व्हिसावर जाऊन 'तिथे बघू' म्हणू नका, १८० दिवसांतले ९० दिवस बघता बघता संपतात.

जोडीदार युरोपाबाहेरचा असेल, समजा तुम्ही भारतीय आणि तो नेपाळी किंवा अमेरिकन, तर डी-७ हा निष्क्रिय उत्पन्नाचा व्हिसा आहे. पेन्शन, भाडं, व्याज असं उत्पन्न पोर्तुगालच्या किमान वेतनाइतकं दाखवायचं. २०२५ साली ते महिना ८७० युरो होतं, दर जानेवारीला बदलतं. सोबत येणाऱ्या प्रौढ कुटुंबीयासाठी त्याच्या निम्मं आणखी. राहण्याची जागा, तिथला कर क्रमांक आणि बँक खातं, आरोग्य विमा, पोलीस क्लिअरन्स हे लागतं. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट केंद्रातून निघतं, पण फार आधी काढू नका, ते शिळं झालं की पुन्हा काढावं लागतं. २०२५ च्या अखेरीस तिथे कुटुंब एकत्र आणण्याचे नियम कडक झाले आहेत, म्हणून दोघांचंही उत्पन्न पुरेसं असेल तर दोघांनी आपापला डी-७ मागणं मला सुरक्षित वाटतं.

७. पोहोचल्यावर

ज्या वॉर्डात राहाल तिथल्या 'जुन्ता द फ्रेगेझिया'त जायचं. आपल्या ग्रामपंचायतीसारखं समजा. दोघांनी 'आम्ही दोन वर्षांहून जास्त काळ सहजीवनात आहोत' असं शपथेवर लिहून द्यायचं, दोन्ही जन्मनोंदी जोडायच्या, आणि ते घोषणापत्र घ्यायचं. काही ठिकाणी त्या वॉर्डातले दोन साक्षीदारही मागतात. बेळगावातल्या दोन वर्षांची फाईल इथेच उघडावी लागते. आमच्या समोरच्या बाईंनी भाडेकराराची सगळी पानं एकेक करून बघितली, तारखांवर पेन्सिलीने खूण केली आणि मग शिक्का मारला.

त्यानंतर राहण्याचं कार्ड. प्रवेशाला तीन महिने झाले की पुढच्या ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. हे काम आता 'आयमा' या संस्थेकडे आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात जुन्या 'सेफ'ची जागा तिने घेतली. इंटरनेटवरच्या जुन्या माहितीत अजून सेफचंच नाव दिसतं, त्यावर विसंबू नका. भेटीची तारीख पोहोचल्या पोहोचल्या मागून ठेवा. कार्ड पाच वर्षांचं असतं, पाच वर्षं सलग राहिलात की कायमच्या वास्तव्याचा हक्क येतो. वर्षात सहा महिन्यांपर्यंत बाहेर राहिलात तर सलगपणा मोडत नाही. म्हणजे गणपतीला बेळगावला येऊन दिवाळी करून परत जाता येतं. मी तेच करते.

८. पैसे आणि पेन्शन

थोडक्यात सांगते. कायमच्या राहण्यासाठी गेलात की इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं. पेन्शनचे पैसे तिथून बाहेर नेता येतात. हयातीचा दाखला भारतीय दूतावासातूनही देता येतो. फॅमिली पेन्शन असेल तर ज्या खात्याची आहे त्यांना सहजीवनाबद्दल लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. वर्षात १८३ दिवसांहून जास्त तिथे राहिलात की कर तिथे लागू होतो. भारत-पोर्तुगाल कर करार आहे, पण सरकारी पेन्शन आणि खासगी पेन्शन यांना त्यात वेगळे नियम आहेत, एकदा सीएकडे बसा. आणि खानापूरकडची शेतजमीन जोडीदाराच्या नावे करायचा विचार असेल तर थांबा, ओसीआय कार्डधारकाला इथे शेतजमीन विकत घेता येत नाही.

९. मृत्युपत्र आणि दवाखाना, जाण्याआधीच

याबद्दल बोलायला जीवावर येतं, पण लग्न नसलेल्या जोडप्याला हेच सगळ्यांत जास्त लागतं.

पोर्तुगालमध्ये सहजीवनातला जोडीदार आपोआप वारस होत नाही. घर गेलेल्याच्या मालकीचं असेल तर मागे राहिलेल्याला निदान पाच वर्षं त्यात राहता येतं, सहजीवन त्याहून जुनं असेल तर तेवढी वर्षं. मालकी मात्र मुलांची. मृत्युपत्राने काही दिलं तर वारशावरचा मुद्रांक कर जोडीदाराला माफ आहे. पण पोर्तुगीज कायद्यात मुलांचा हिस्सा राखीव असतो, एक मूल असेल तर निम्मा, जास्त असतील तर दोन तृतीयांश. तो मृत्युपत्राने कापता येत नाही.

भारतीय माणसाला इथे एक वाट आहे. युरोपच्या ६५०/२०१२ या नियमाने, जो ऑगस्ट २०१५ पासून लागू आहे, मृत्युपत्रात 'माझ्या वारशाला माझ्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा लागू व्हावा' असं लिहून ठेवता येतं. ते वाक्य नसेल तर जिथे कायम राहता तिथला कायदा लागतो.

दोन देशांत दोन मृत्युपत्रं करणार असाल तर दुसऱ्यात 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द' हे छापील वाक्य येऊ देऊ नका. त्या एका ओळीने बेळगावातलं मृत्युपत्र निकामी होतं. 'अमुक देशातील मालमत्तेपुरते' असं लिहून घ्या.

दवाखान्यात तुमच्या वतीने कुणी बोलायचं हेही लिहून ठेवा. पोर्तुगालमध्ये २०१२ च्या कायद्याने उपचारांबद्दलची इच्छा नोंदवता येते आणि आपल्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती नेमता येते. भारतातही सर्वोच्च न्यायालयाने २०१८ ला अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ ला त्याची पद्धत सोपी केली. आम्ही दोन्हीकडे केलं आहे. गेल्या वर्षी हे रात्री छातीत दुखलं म्हणून दाखल झाले. नर्सने विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? मी पर्समधला तो कागद पुढे केला. तिने वाचला आणि मला आत नेलं.

कागदांची यादी

दोघांचे पासपोर्ट आणि पोर्तुगीज ओळखपत्र, खरा पत्ता असलेलं. जोडीदार ओसीआय असेल तर ते कार्ड. दोन्ही जन्मनोंदींच्या संपूर्ण नकला, पोर्तुगीज नक्कल ताजी. आधीच्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा. गावाच्या आणि नावाच्या फरकाची प्रतिज्ञापत्रं. दोन वर्षांचे सलग भाडेकरार, आधार, संयुक्त खात्याचा उतारा, बिलं, विमा. पेन्शन ऑर्डर. मृत्युपत्रांच्या आणि दवाखान्याच्या इच्छापत्राच्या प्रती. डी-७ असेल तर उत्पन्न, जागा, विमा, पोलीस क्लिअरन्स.

प्रत्येक कागदाच्या तीन प्रती करा. एक संच इथे विश्वासू माणसाकडे ठेवा. मूळ कागद चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत घ्या. आणि ती पिशवी दोघांपैकी कोण धरणार ते घरातून निघतानाच ठरवा.